शेंदराची खोळ

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

किसनराव येऊन गेले. देवस्थानाचे अध्यक्ष. चहा घेतला, ह्यांच्या फोटोकडे पाहून उसासा टाकला, मग कामाचं बोलले. हनुमान जयंतीला मंदिरावर नवा कळस चढणार. त्या दिवशी मंदिराचा इतिहास छापून हवा. "प्रभाकररावनं अर्धं काम करून ठेवलं होतं बाई. बाकीचं तुमीच करा. तुमी एम.ए. हिस्ट्री!"

हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

तीन महिने झाले ह्यांना जाऊन. सकाळी दोन कप चहा टाकते, एक मोरीत ओतते. दुःख म्हणावं असं काही होत नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात तेव्हा गाल जसा बधिर होतो, तसं सगळं.

१६ जानेवारी, शनिवार

ह्यांची वही उघडली. दुकानदारी अक्षर – सरळ, बारीक, घाईचं. एकेका पानावर मथळा: गाभारा, खांब, शिखर, घंटा. सनावळी नीट. मला वाटलं नव्हतं इतकी नीट.

'मूर्ती' ह्या पानावर मात्र एकच ओळ. "मारोती. अधिक शोध नको."

अधिक शोध नको! घरात इतिहासाची बाई असताना हा काय प्रकार?

मूर्तीबद्दल ह्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तीस वर्षं दर शनिवारी तेल आणि शेंदूर. पावसात, तापात, मुलाच्या, भूपेंद्रच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा! घरी यायचे ते कोपरापर्यंत लाल. पंचा लाल. मी म्हणायची, माझा सोडा या पंच्यांवरच संपतो. ते हसायचे. मग स्वतः धुवायचे, वाईट धुवायचे.

नोव्हेंबरात ते सगळे पंचे भूपेंद्रला दिले. दुकानात काचा पुसायला.

२० जानेवारी

मापाची टेप घेऊन मंदिरात गेले. कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

काळा दगड. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवलेला. बारा खांब. अकरा दगडी, बारावा विटांचा – तो नंतरचा, भोसल्यांच्या वेळचा असावा. शिखरही विटांचं. पुढचा टिनाचा मांडव मालगुजारानं, गावच्या जमीनदारानं घातला, घंटेवर १९११. आणि ह्या सगळ्यावर गुलाबी ऑइल पेंट! सातशे वर्षांच्या खांबांना! मागच्या कमिटीचं शहाणपण. आता त्यावर टाइल्स लागणार.

गाभाऱ्यात तो उभा. माझ्या खांद्याएवढा शेंदराचा गोळा, चांदीचे दोन डोळे. शेपूट नाही, गदा नाही. गाव मारोती म्हणतं म्हणून मारोती.

संगमरवरी नवा मारोती जयपूरहून निघाला आहे. जुन्याचं विसर्जन, वणा नदीच्या डोहात. किसनराव म्हणाले, "शास्त्र हाये बाई. जुना आन् नवा एका जागी ठेवत नाई."

लिहून घेतलं.

२६ जानेवारी

शाळेतलं झेंडावंदन आटोपून आले तर ओट्यावर सखूबाई. गावाच्या खालच्या अंगाला तिच्या घरची वाडी – वांगी, पालक, सांभार म्हणतात ती कोथिंबीर. नवरा चंद्रभान पहाटेच हिंगणघाटच्या बाजारात जातो, ही दारोदार विकते. टोपली उतरवली, पण भाजीचं बोलेना.

"तुमी पुस्तक लिहून राह्यले म्हनते."

"हो."

"त आमचं बी लिहजा."

त्यांच्या घरची रीत आहे. लेक सासरी जायला निघाली की आधी मारोतीपुढे जाते आणि हातातली एक हिरवी बांगडी काढून पायाशी ठेवते. सखूबाईची सासू सांगायची, तिची सासू सांगायची. गावात दुसऱ्या कोणाच्या घरी ही रीत नाही. आता किसनरावांनी बंद म्हणून सांगितलं. मारोती ब्रह्मचारी, त्याला बाईनं शिवू नये, त्यातून बांगडी! त्यांच्या सरिताचं लग्न अठरा एप्रिलला. तोवर दगडच डोहात.

"पयली लेक जाईन आमच्या घरची, बांगडी न ठेवता," सखूबाई म्हणाली. "माह्या जिवाले घोर लागला बाई."

मी विचारलं, पुरावा काय?

"म्हंजे?"

"कागद. लेख. कोणी लिहून ठेवलेलं."

"आमच्यात कोन लिहिते?"

"मग बांगडी ठेवताना काय म्हणतात ते तरी सांग."

तिनं टोपली जवळ ओढली. "ते सांगत नसते."

पुरावा नसेल तर मी एक ओळ लिहीत नाही, असं सांगितलं. छत्तीस वर्षं शाळेत मुलांना तेच सांगत आले. उठली, पदर खोचला, पाच वांगी ओट्यावर ठेवून गेली. परत बोलावलं, वळली नाही.

३ फेब्रुवारी

आज एक आठवलं. नागपूरला एम.ए.ला प्राध्यापकांनी एक प्रकरण वाचायला दिलं होतं – इंग्लंडातल्या एका खेड्याच्या चर्चचा इतिहास. मनोरा कोणत्या साली, खिडकीची रंगीत काच कोणाच्या स्मरणार्थ, घंटा कोणी ओतली, पाद्री कोण कोण झाले. सगळं नावानिशी! कारण तिथे तीन वह्या – बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची. कोणत्या मेंढपाळाच्या घरी कोणत्या वर्षी बाळ गेलं, तेही सापडतं. मी तेव्हा एकवीस वर्षांची. वाटलं होतं, आपणही आपल्या गावाचं असं लिहू.

आमच्याकडे वह्या नाहीत. शेंदूर आहे.

११ फेब्रुवारी

'शिखर' लिहून झालं. जेवण नको वाटलं. जेवले.

१४ फेब्रुवारी, रविवार

कांताचं पत्र. शाळेची तपासणी आहे, परीक्षा आहेत, हनुमान जयंतीला येणं होणार नाही. सरिताच्या लग्नाला येईल. सखूबाईशी तिची जुनी मैत्री.

कांता म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन आली, सदुसष्टात. वर्षभर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. बायका यायच्या आणि काय काय बोलायच्या! "तिचं आता काय राह्यलं? त्याच्यासंगच गेली असती त सुटली असती." तिच्या कानावर पडेल असं. मी एकीला हात धरून बाहेर काढलं होतं. वर्ध्याहून ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म मी आणला. भरला मी. सासूशी भांडले मी. आज ती जामच्या शाळेत हेडमास्तरीण आहे.

आणि हे? कांतासाठी एक शब्द नाही. त्याच वर्षी ह्यांना भक्ती सुचली! मी घरात लढत होते आणि हे दगडाला तेल चोपडत होते. हे मी त्यांना बोलून दाखवलं आहे. एकदा नाही. हसले. पंचा धुवायला गेले.

आता बोलायला कोणी नाही. राग मात्र आहे तसाच. तेवढंच जागं आहे.

२७ फेब्रुवारी, शनिवार

खोळ पडली.

दुपारी रामाजी धावत आला. टाइल्सचं काम तोच पाहतो. "बाई वो, चाला! देवानं आंग टाकलं!"

मांडवातली जुनी फरशी फोडत होते. घणाचे हादरे. त्यात शेंदूर वाळलेला – ऑक्टोबरपासून कोणी तेलच लावलं नव्हतं ना. मध्ये तडा गेला आणि पुढचा सगळा थर एका कवचासारखा सुटून खाली. बायका हात जोडून उभ्या. कोणी म्हणे शुभ, कोणी म्हणे गावावर संकट. आत कोणी जाईना. मी गेले.

कवच चार बोटं जाड. कडेनं पाहिलं तर पानं दिसतात. लाल, मग काळपट, मग पुन्हा लाल. वर्ख. आत खोल एक तांब्याचा पैसा रुतलेला – राणी छाप, १८६२. कोणी नवसाचा चिकटवला असेल. त्याच्याही आत दोन बोटं शेंदूर. म्हणजे १८६२लाही हा देव जुनाच होता. ही वही निघाली!

मग दगडाकडे पाहिलं.

मारोती नाही. एक खांब कोरलेला. खांबातून निघालेला हात. कोपरात वाकलेला, पंजा वर. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. वर सूर्य आणि चंद्र.

१ मार्च

सतीचा दगड आहे. शंका नाही. असे दगड पुस्तकात पाहिले आहेत. नवऱ्याच्या चितेवर जाळलेल्या बाईचा हात.

शेकडो वर्षं गाव तिच्यापुढे नारळ फोडत आलं. परीक्षा, खटले, पोरं, बैल. नाव गेलं, बाई गेली, मारोती झाला.

सखूबाईच्या घरच्या बांगड्या आता कळल्या. म्हणजे पुरावा मिळाला! आणि मिळाला तो हा!

मी सतीला मान म्हणून लिहू? कांताच्या वहिनीनं?

किसनराव घाईत. "सतीचं नाव काढलं त पोलीस येतीन बाई. सत्त्याऐंशीपासून कायदा हाये." मी म्हटलं, टाका डोहात. लवकर टाका. ते चकित झाले. मी इतक्या लवकर कशाला हो म्हणत नाही.

२ मार्च

धुळवड. दार लावून बसले. पोरं रंग घेऊन आली नाहीत. ह्या घरात रंग नाही, हे त्यांना कोणी सांगितलं असेल.

हे गेले त्या दिवशी बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या होत्या. ओट्यावरच उभ्या केल्या. मी स्वतः काढल्या, डब्यात ठेवल्या. फुटल्या नाहीत एवढंच. हात मोकळेच.

७ मार्च, रविवार

मीच गेले वाडीत. सखूबाई पाटाचं पाणी वळवत होती. सरिता पालकाच्या जुड्या बांधत होती. मला पाहून चंद्रभाननं बाज टाकली आणि बैलाचं काम काढून निघून गेला. शहाणा माणूस.

स्पष्ट सांगितलं. तो दगड म्हणजे जाळलेली बाई. जाळणं पवित्र आहे असं मी लिहिणार नाही. तुझी रीत माझ्या पुस्तकात येणार नाही.

सखूबाईनं फावडं ठेवलं. "आमी कवा म्हटलं पवित्र हाये म्हून?"

"मग बांगडी का ठेवता?"

ती सरिताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "जाय वं, बाईले पानी आन." सरिता उठेना. "मले बी आयकू दे माय. मलेच त म्हनाचं हाये ते." सखूबाईनं हात पदराला पुसले. मग माझ्याजवळ सरकून बसली.

"ते आमच्या घरची लेक होय बाई. कोन्या काळची, मले नाई ठाव. तिले गावातल्या गावात सासरी नेली आन् तिथं तसं झालं. गावात तिचा दगड मांडला, सासरच्याइनं. वाजतगाजत. तिची माय रोज ये त्या दगडापाशी. तवापासून आमची पोरगी निघाली का तिच्यापाशी जाते. बांगडी ठेवते. आन् कानात सांगते तिच्या."

"काय?"

"तुही तुले, माही मले."

मी पुन्हा विचारलं. तिनं उलगडून सांगितलं. "तुह्या नशिबाचं तुह्यापाशी ठेव माय. माह्या वाट्याले नको देऊ. हे बांगडी घे आन् मले जगू दे."

सरितानं जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "एवढंच? मले वाटलं मंत्र असन काई."

तिघीही हसलो. मी हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा, बहुतेक.

मंत्र नाही. पण शेकडो वर्षं एका घरच्या बायका एकीमागून एक जाऊन त्या दगडाला 'नाही' सांगत आल्या. कागद नाही, लेख नाही. आणि मी पुरावा मागत होते.

१४ मार्च, रविवार

कमिटीची बैठक. मांडवात, सिमेंटच्या पोत्यांवर बसून. मी 'मूर्ती'चं पान वाचून दाखवलं. दगड कशाचा, ते. शेंदूर, पैसा, ते. चंद्रभानच्या घरची रीत, ते. कानात काय सांगतात ते वाचलं नाही, ते त्यांचं आहे. 'आपल्या लेकीवर ती पाळी येऊ नये म्हणून' एवढंच लिहिलं.

आरडाओरडा. "बाई, मारोतीचं मंदिर म्हून पत्रिका छापल्या आमी!" "पोलीस..." "लोकं हासतीन ना!"

मी म्हटलं, कायदा सतीचा गौरव करू नका म्हणतो. इथे एक बाई जाळली, असं लिहायला कोणता कायदा आड येतो? हवं तर मी ठाण्यात वाचून दाखवते.

किसनराव म्हणाले, "पन नदीत टाकाची गोष्ट त तुमीच कबूल केलती."

"केली होती. चुकलं माझं."

माझ्या तोंडून हे शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. अर्धी कमिटी माझ्या शिकवणीला येऊन बसलेली.

मग सांगितलं – संगमरवरी मारोती गाभाऱ्यात बसवा, माझी हरकत नाही. दगड उत्तरेच्या कोनाड्यात राहील, शेंदराशिवाय. डोहात गेला तर वही घरी जाईल आणि हनुमान जयंतीला कोरी पानं वाटा. रामाजी पुटपुटला, "जुन्या देवाले कोनाड्यात कसं ठेवाव बाई..." मी म्हटलं, "रामाजी, सातवीत दोनदा बसलास, तेव्हा नवस कोणाला केला होतास?" तो म्हणाला, "ह्यालेच." मग हळूच, "हिलेच."

लोक हसले. हसल्यावर मोडता घालता येत नाही. किसनराव टोपी झटकत उठले. "लिहा बाई. तुमी लिहान तेच खरं."

चंद्रभान बाहेर बैलापाशी उभा होता. संध्याकाळी घरी पालक आला. मेथीही.

१८ मार्च

पाडवा. गुढी मयुरीनं, सुनेनं उभारली. मी गाठी विसरले.

३१ मार्च

कळस चढला. पुस्तिका वाटली. बत्तीस पानं. वर 'कै. प्रभाकरराव यांच्या संकलनावरून'. मीच घातलं ते, खरं आहे म्हणून. त्यांचं 'अधिक शोध नको' मात्र गाळलं.

कोणी वाचली की नाही कळलं नाही. जेवणावळीत दोन जण तिच्यावर बसलेले पाहिले.

१८ एप्रिल, रविवार

सरिता गेली. निघण्याआधी सगळे मंदिराशी थांबले. तिच्या भावानं, साहिलनं, पायातल्या चपला काढून पुरुषांना अडवलं. "बाया जातीन फक्त." किसनरावही थांबले.

कोनाड्यात तो हात, उघडा. ती पुढे झाली, डाव्या हातातली बांगडी काढता काढता अडकली, सखूबाईनं तेल लावलं. ठेवली. वाकली. दगडाला कान नसतो, पण ती जिथे कान असेल तिथे बोलली. ओठ मी पाहिले. पुढचं ऐकू आलं नाही. ऐकायचं नव्हतंच.

मग रडली, जशा मुली रडतात. सखूबाई नाही रडली. हुश्श केलं.

कांता आली आहे, चार दिवस राहील. माझ्या शेजारी उभी होती. कोनाड्याकडे पाहत. फार वेळ.

१९ एप्रिल, सोमवार

सकाळी चहा घेताना कांता म्हणाली, "तो हात मी आधी पाहिला आहे, वहिनी."

अडुसष्टात. बायका घरात तसं बोलत होत्या, तेव्हा. एका शनिवारी दादानं तिला बळेच घराबाहेर काढलं, तेलाची वाटी हातात दिली, मंदिरात नेलं. तेव्हाही खोळ पडली होती, पण हातावरची तेवढीच. गाभाऱ्यात दुसरं कोणी नव्हतं. दादानं पाहिलं, ओळखलं, आणि तिच्यासमोर आडवा उभा राहिला. "तू बाहेर थांब." मग शेंदराचा अख्खा डबा. दोन्ही हातांनी. बाहेर आला तो कोपरापर्यंत लाल. म्हणाला, "काही नाही. घरी जा. वहिनीनं फॉर्म आणला आहे, सही कर."

"मी पाहिलं नाही असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं," कांता म्हणाली. "मीही वाटू दिलं."

दुकानात गेले. काचा पुसायचा पंचा मागितला. भूपेंद्र म्हणाला, "आई, फाटला आहे तो. डागही जात नाहीत."

म्हटलं, दे.